युनियनची पावती फाडण्याआधी आणि फाडल्यानंतर: सोलापुरात नव्याने कामाला लागलेल्यांसाठी

नोकरी लागली की पहिल्या पगाराच्या आसपास दोन माणसं हमखास भेटतात. एक युनियनचा फॉर्म घेऊन येतो आणि "सही कर, सगळेच करतात" म्हणतो. दुसरा ऑफिसातला असतो. तो चहा पाजतो आणि समजावतो, "त्या भानगडीत पडू नकोस, पर्मनंट व्हायचंय ना?" चिंचोळी एमआयडीसीतला कारखाना असो, अक्कलकोट रोडवरची टॉवेलची शेड असो की पूर्व भागातली विडीची ब्रँच, थोड्याफार फरकाने हेच घडतं. युनियनचं सभासद व्हायचं की नाही, कुठल्या युनियनचं व्हायचं, वर्गणी पगारातून कापू द्यायची का आणि बाहेर कधी पडायचं, हे तुमच्या वतीने ठरवण्याचा अधिकार कायद्याने या दोघांपैकी कुणालाही दिलेला नाही.

माझं मत आधीच सांगतो. मी युनियनच्या बाजूचा माणूस आहे. एकट्या कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यायला मालकाकडे वेळ नसतो, पन्नास जण एकत्र गेले की तो मिळतो. पण कशावर सही केली हे ज्याला माहीत नाही आणि वर्गणीची पावती ज्याच्या खिशात नाही, अशा सभासदाचा युनियनलाही उपयोग नाही. त्यामुळे हा लेख युनियनमध्ये जाणाऱ्यांसाठी आहे, तसाच न जाणाऱ्यांसाठीही आहे.

आधी एक जुना गैरसमज

सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ साली निघाली. आपण तिला जुनी गिरणी म्हणतो. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी अशा गिरण्या झाल्या आणि घरटी एक तरी माणूस गिरणीत असायचा. गिरण्यांना मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ लागू होता. त्या कायद्यात एका भागातल्या एका उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघ असे आणि सगळ्यांच्या वतीने तोच बोलत असे. म्हणून घरातली जुनी माणसं अजून सांगतात, "युनियन एकच असते आणि तिची पावती फाडावीच लागते." त्यातलं पहिलं अर्धं गिरणीपुरतं खरं होतं. दुसरं अर्धं तेव्हाही खरं नव्हतं. सगळ्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क एका संघाला मिळाला म्हणून प्रत्येकाने त्याचं सभासद व्हावंच, असं कायदा म्हणत नव्हता आणि आजही म्हणत नाही.

तुम्हाला लागू होणारे कायदे

संघटना करण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) मध्ये आहे. युनियनची नोंदणी, निधी आणि हिशेब यांचे नियम कामगार संघटना अधिनियम, १९२६ मध्ये होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा विषय औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये गेला. जुन्या कायद्याखाली वैध नोंदणी असलेली युनियन नव्या संहितेतही नोंदलेली मानली जाते. पगारातून काय कापता येतं, हे आधी वेतन प्रदान अधिनियम, १९३६ सांगायचा, आता वेतन संहिता, २०१९ सांगते.

महाराष्ट्रात याशिवाय राज्याचा १९७१ चा कायदा आहे, कामगार संघटनांची मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा यांवरचा. कोर्टात त्याला 'यूएलपी' म्हणतात, आणि वकिलाने "यूएलपी टाकू" म्हटलं की तो याच कायद्याबद्दल बोलत असतो. औद्योगिक संबंध संहितेने जे तीन कायदे रद्द केले, त्यांत हा नाही. तरीही तक्रार दाखल करण्याआधी ती कुठल्या कलमाखाली जाते आहे, हे वकिलाकडून त्याच दिवशी तपासून घ्या. जुन्या आणि नव्या कायद्यांच्या सांध्यावर तांत्रिक हरकती निघतात आणि त्यात महिने जातात.

पायरी पहिली: आपण 'कामगार' आहोत का

बहुतेक जण आहेत. मशीनवरचा, पॅकिंगमधला, कारकून, ड्रायव्हर, सगळे. मॅनेजर नाही. सुपरवायझरच्या बाबतीत पगाराची मर्यादा आहे. नव्या संहितेत ती महिना १८,००० रुपये आहे आणि त्यावरचा पगार घेणारा सुपरवायझर कामगारात मोजला जात नाही. मात्र कार्डावर 'सुपरवायझर' छापल्याने कोणी सुपरवायझर होत नाही. प्रत्यक्ष काम काय करता, ते पाहिलं जातं.

घरी बसून विड्या वळणाऱ्या बायकांना अनेकदा सांगितलं जातं की तुम्ही कामगार नाही, तुम्ही माल घेऊन जाता आणि माल आणून देता. हे साफ खोटं आहे. पान आणि तंबाखू घरी नेऊन विड्या वळणारी बाई १९६६ च्या विडी कामगार कायद्यापासून कामगारच आहे. सोलापुरात विडी कामगार बायकांनी संघटना करून काय मिळवलं, ते पाहायला कुंभारीला जा. गोदूताई परुळेकरांच्या नावाची तिथली वसाहत विडी कामगार बायकांचीच आहे.

कंत्राटदाराच्या हजेरीवर असलेला माणूसही सभासद होऊ शकतो. फक्त त्याने मूळ कंपनीविरुद्ध थेट यूएलपी टाकण्याआधी सल्ला घ्यावा. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्लाच्या खटल्यात ठरवलं आहे की मालक-नोकर हे नातंच वादात असेल, तर त्याचा निकाल आधी दुसऱ्या मार्गाने लागावा लागतो.

पायरी दुसरी: फॉर्मवर सही करण्याआधी

तीन गोष्टी मागा. नोंदणी क्रमांक, युनियनची घटना म्हणजे नियमावली, आणि वर्गणी किती व कशासाठी ते लिहिलेलं पान. चांगल्या युनियनच्या कार्यकर्त्याला हे प्रश्न आवडतात. जो चिडतो, त्याच्या युनियनचा विचार दोनदा करा.

मग फॉर्म शेवटपर्यंत वाचा. फॉर्मच्या खालच्या भागात बहुतेक वेळा बारीक अक्षरात आणखी एक मजकूर असतो: "माझ्या पगारातून दरमहा युनियनची वर्गणी कपात करून परस्पर युनियनकडे जमा करण्यास मी संमती देत आहे." वर सभासदत्व, खाली पगारकपातीचं अधिकारपत्र आणि सही एकच. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सभासद होऊनही वर्गणी रोख किंवा ऑनलाइन भरायची असेल, तर खालचा मजकूर खोडा आणि खोडल्याच्या ठिकाणी छोटी सही करा. वर्गणीच्या रकमेची जागा कोरी असेल, तर आकडा स्वतःच्या हाताने अक्षरी आणि अंकी भरा. कोऱ्या जागेखाली सही करू नका.

पूर्व भागात घरात तेलुगू बोललं जातं आणि फॉर्म मराठीत असतो. अंगठा किंवा सही देण्याआधी तो आपल्या भाषेत वाचून घ्या, तोही फॉर्म आणणाऱ्याकडून नाही, शेजारच्या शिकलेल्या मुलीकडून. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

कारखान्यात एकाहून जास्त युनियन असतील, तर मान्यताप्राप्त कोणती, म्हणजे सगळ्यांच्या वतीने मालकाशी बोलण्याचा हक्क कुणाला आहे, ते विचारा. १९७१ च्या कायद्यानुसार ५० किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, किमान सहा महिने ३० टक्के सभासद असलेल्या युनियनला औद्योगिक न्यायालयाकडून मान्यता मिळू शकते. नव्या संहितेत वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला ५१ टक्के लागतात. तितके कुणाकडेच नसतील, तर किमान २० टक्के सभासद असलेल्या युनियनची मिळून वाटाघाटी परिषद होते. मान्यता नसलेली युनियनही निकामी नसते. कामावरून काढणं किंवा निलंबन यासारख्या वैयक्तिक तक्रारीत ती १९७१ च्या कायद्याखाली मालकाशी चर्चा करू शकते आणि कंपनीच्या खात्यांतर्गत चौकशीत तुमच्या बाजूने उभी राहू शकते.

यंत्रमागाच्या छोट्या शेडमध्ये पन्नास माणसं भरतच नाहीत. तिथे मान्यतेचा प्रश्न येत नाही. पण सभासद होण्याचा हक्क आणि त्यासाठी त्रास न होण्याचा हक्क तिथेही आहे.

पायरी तिसरी: वर्गणी

लोक सगळ्यात जास्त इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर.

कायद्याने वर्गणीची खालची मर्यादा फार कमी ठेवलेली आहे. २००१ च्या दुरुस्तीनंतर १९२६ च्या कायद्यात ती संघटित क्षेत्रात वर्षाला १२ रुपये, असंघटित क्षेत्रात ३ रुपये आणि ग्रामीण मजुरांसाठी १ रुपया होती. १९७१ च्या कायद्यात सभासद मोजताना महिना किमान ५० पैसे धरतात. प्रत्यक्षात वर्गणी याहून बरीच जास्त असते आणि असायलाही हवी, कारण वकील, प्रवास आणि ऑफिसभाडं यातूनच निघतं. पण ती वाढवायची तर युनियनच्या घटनेप्रमाणे, सभेत ठराव करून.

पैसे देण्याचे मार्ग दोन. हातात द्यायचे किंवा पगारातून कापू द्यायचे. मान्यताप्राप्त युनियनच्या अधिकृत माणसांना, जिथे पगार वाटला जातो त्या जागी वर्गणी गोळा करण्याचा हक्क १९७१ च्या कायद्याने दिला आहे. पगाराच्या दिवशी टेबल टाकून बसलेले लोक म्हणूनच दिसतात. त्यांचं बसणं कायदेशीर आहे, तसंच तुमचं पुढे निघून जाणंही.

पगारातून कापायचं असेल तर कामगाराचा अधिकार लागतो. १९३६ च्या कायद्यात तो लेखीच हवा होता. वेतन संहितेतही कामगाराने अधिकार दिल्याशिवाय युनियनची फी कापता येत नाही, आणि युनियन नोंदणीकृत असावी लागते. "मॅनेजमेंट आणि युनियनचं ठरलंय" हे त्यावर उत्तर होत नाही. तुमच्या पगारातली कपात त्या दोघांनी परस्पर ठरवायची नसते.

पगाराची स्लिप हातात आली की कपातीचा रकाना बघा. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर, अॅडव्हान्स, आणि शेवटी 'इतर' नावाची ओळ. युनियनची वर्गणी या 'इतर'मध्ये लपते. ओळीचा खुलासा लेखी मागा. वेतन संहितेनुसार सगळ्या कपाती मिळून पगाराच्या ५० टक्क्यांच्या वर जाता येत नाही, हेही लक्षात ठेवा.

पगारवाढीचा करार झाल्यानंतर मागच्या महिन्यांचा फरक एकदम मिळतो. त्या वेळी युनियन एकरकमी देणगी मागते, कधी ठरावीक रक्कम, कधी फरकाच्या टक्क्यात. द्यावीशी वाटली तर जरूर द्या. ज्यांनी वर्षभर वाटाघाटी केल्या त्यांचा खर्च झालेला असतो. पण ती तुमच्या सहीशिवाय परस्पर फरकातून वळती करता येत नाही, आणि दिली की नाव, रक्कम, तारीख, नोंदणी क्रमांक छापलेली पावती मिळालीच पाहिजे. साध्या कागदावर लिहून दिलेली चिठ्ठी घेऊ नका.

थकबाकीचा नियम सभासदांना क्वचितच कोणी सांगतं. १९७१ च्या कायद्यात, मागच्या सहा महिन्यांत तीन महिन्यांहून जास्त वर्गणी थकली, तर त्या माणसाला सभासद धरत नाहीत. मान्यतेसाठी मोजणी होते तेव्हा तुमचं नाव गळतं. तुमच्यासारखे चाळीस जण गळले, तर युनियनची मान्यताच धोक्यात येते. सभासद राहायचं असेल तर वर्गणी वेळेवर भरा आणि पावत्या एका पिशवीत जपून ठेवा.

राजकीय निधी वेगळा असतो. युनियनला निवडणूक किंवा राजकीय कामासाठी खर्च करायचा असेल, तर त्यासाठी स्वतंत्र निधी ठेवावा लागतो. त्यात पैसे देण्याची सक्ती करता येत नाही. न देणाऱ्याचे फायदे काढून घेता येत नाहीत आणि सभासदत्व देताना तशी अटही घालता येत नाही. सोलापुरात युनियन आणि पक्ष यांचं नातं जुनं आणि उघड आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. तरीही एखाद्याला युनियन हवी आणि पक्ष नको असेल, तर त्याने "मी वर्गणी देईन, राजकीय निधी देणार नाही" एवढं लिहून द्यावं. तो सभासद म्हणून कुठेही कमी ठरत नाही.

पायरी चौथी: सभासद व्हायचं नसेल किंवा बाहेर पडायचं असेल

सभासद नाही म्हणून नोकरी जात नाही. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार किंवा सरकारच्या समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करार सभासद नसलेल्यांनाही लागू होतो. वाढ मिळाली की त्यांनाही मिळते. सभासद याला फुकटेपणा म्हणतात आणि त्यांचा राग मला समजतो. पण राग येणं वेगळं आणि धमकावणं वेगळं. सभासद होण्यासाठी किंवा न होण्यासाठी कामगारावर जबरदस्ती करणं, गेटवर धक्काबुक्की करणं, संपात नसलेल्याला अंगाने अडवणं, या गोष्टी १९७१ च्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत युनियनच्या अनुचित प्रथा म्हणून लिहिलेल्या आहेत. त्यांविरुद्धही तक्रार करता येते.

बाहेर पडायचं असेल तर तोंडी सांगू नका. दोन पत्रं लिहा, एक युनियनला आणि एक कंपनीच्या पगार विभागाला. पगार विभागाचं पत्र असं पुरे:

"मी आपल्या आस्थापनेत अमुक विभागात काम करतो, हजेरी क्रमांक अमुक. अमुक युनियनची वर्गणी माझ्या पगारातून कापण्यास मी पूर्वी दिलेली संमती या पत्राने मागे घेत आहे. पुढील पगारापासून ही कपात करू नये. पत्राची पोच द्यावी."

दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. घेतली नाही, तर स्पीड पोस्टाने पाठवून पावती ठेवा. पुढच्या महिन्यातही कापले तर स्लिप आणि पत्राची प्रत घेऊन सहायक कामगार आयुक्तांच्या सोलापूरच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. आधीची काही थकबाकी युनियनच्या घटनेप्रमाणे देणं असेल तर ती देऊन टाका, म्हणजे वादाला तोंड राहत नाही.

पायरी पाचवी: मालकाकडून दबाव आला तर

दबाव सहसा ओरडून येत नाही. आधी शिफ्ट बदलते. मग बदली दुसऱ्या युनिटला होते. मग "काम नीट नाही" असा मेमो हातात पडतो. युनियनची पहिली सभा होते त्याच आठवड्यात अचानक काही जणांना पगारवाढ मिळते.

यातलं बरंच काही १९७१ च्या कायद्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या अनुसूचीत नाव घेऊन लिहिलेलं आहे. युनियनमध्ये गेलास तर काढून टाकू अशी धमकी देणं, कंपनी बंद करण्याची भीती घालणं, संघटन चालू असताना ते मोडायला पगारवाढ देणं, मालकाने स्वतःची युनियन उभी करणं किंवा एखाद्या युनियनला पैसा पुरवणं, सभासदत्वावरून भेदभाव करणं, आकसाने बदली करणं, सूड म्हणून कामावरून काढणं. या सगळ्या अनुचित कामगार प्रथा आहेत.

त्यात मुदत फार महत्त्वाची आहे. घटना घडल्यापासून ९० दिवसांच्या आत तक्रार दाखल करायची असते. उशिरा गेलात तर कोर्ट सबळ कारण विचारतं. "साहेब म्हणाले बघू, म्हणून थांबलो" हे कारण सहसा टिकत नाही. मालक चर्चा करतोय म्हणून थांबू नका, चर्चा आणि तक्रार एकाच वेळी चालू शकतात. कामावरून काढल्याची तक्रार कामगार न्यायालयात जाते, दुसऱ्या अनुसूचीसह बाकीच्या औद्योगिक न्यायालयात. दोन्ही सोलापुरात आहेत. युनियन तक्रार करू शकते, तसाच एकटा कामगारही. निकाल लागेपर्यंत ती प्रथा थांबवण्याचा तात्पुरता आदेशही कोर्ट देऊ शकतं, म्हणून पहिल्याच तारखेला तो अर्ज जोडा.

पुरावा रोजच्या रोज गोळा करा. एक वही ठेवा. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, समोर कोण होतं, एवढंच लिहा. व्हॉट्सअॅपवर आलेली धमकी पुसू नका, तिचा स्क्रीनशॉट घेऊन दुसऱ्या कुणाकडे पाठवून ठेवा. बदलीच्या आदेशावर सही करावीच लागली तर सहीच्या वर "हरकत राखून स्वीकारले" असं लिहा. राजीनाम्यावर मात्र कुठल्याही परिस्थितीत सही करू नका, मग तो कितीही गोड बोलून समोर ठेवलेला असो.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नका. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळतो. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांनाही मिळतो. या गटांना उत्पन्नाची अट नाही. त्यासाठी सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायचा. आधार कार्ड, पगाराची स्लिप किंवा विडी कामगाराचं ओळखपत्र आणि घडलेल्या गोष्टीचा तारीखवार कागद सोबत न्या.

पायरी सहावी: सभासद झाल्यावर हिशेब मागा

युनियनची हिशेबाची पुस्तकं आणि सभासदांची यादी पाहण्याचा हक्क सभासदाला १९२६ च्या कायद्यापासून आहे. नियमावलीत त्याच्या वेळा दिलेल्या असतात. हिशेबाचं दरवर्षी लेखापरीक्षण व्हायला हवं आणि वार्षिक विवरण युनियनची नोंदणी करणाऱ्या निबंधकाकडे जायला हवं. मान्यताप्राप्त युनियनच्या कार्यकारिणीची बैठक तीन महिन्यांत एकदा तरी व्हायला हवी आणि तिचे ठराव इतिवृत्ताच्या वहीत नोंदवलेले असायला हवेत.

पहिल्यांदा मागताना एकटे जाऊ नका, दोघे-तिघे सभासद मिळून जा. युनियनच्या अध्यक्षाच्या किंवा सचिवाच्या नावाने साधा अर्ज लिहा: मागच्या आर्थिक वर्षाचा जमाखर्च, लेखापरीक्षकाचा अहवाल आणि सभासद यादी पाहायला मिळावी, सोयीचा दिवस कळवावा. सोबत तुमच्या वर्गणीच्या पावत्यांच्या झेरॉक्स जोडा. यादीत स्वतःचं नाव आहे का आणि कुठल्या महिन्यापर्यंतची वर्गणी जमा दाखवली आहे, ते आधी बघा. पगारातून कापलेले पैसे कंपनीकडून युनियनकडे पोचलेच नसतील, तर ते इथे उघडं पडतं. तसं दिसलं, तर पगाराच्या स्लिपा जोडून कंपनी आणि युनियन दोघांना एकच पत्र द्या, आणि दोघांकडून पोच घ्या.